सीटी नॉर्मल आल्यानंतरचे महिने

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टर संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

पारोळ्यात माझं औषधाचं दुकान आहे. गेल्या काही महिन्यांपासून काउंटरवर लोक मोबाईल पुढे करतात आणि एकच व्हिडिओ दाखवतात. काचेच्या नळकांड्यात एक माणूस आडवा पडलेला, बाजूला पांढऱ्या कोटातलं कुणीतरी, आणि खाली ओळ : डोक्याला मार लागल्यानंतर राहिलेली डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा यांवर ऑक्सिजन थेरपी, चाळीस बैठका. मग प्रश्न येतो, "भाऊ, यानं फरक पडी का?" खरं तर हा प्रश्न तुम्हाला विचारायचा. तो आमच्याकडे येतो, कारण आमच्याकडे केसपेपर काढावा लागत नाही आणि उत्तरही लगेच मिळतं, मग ते बरोबर असो वा नसो. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर छापून आलेलं बरंच वाचून काढलं, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो, आणि आता हा प्रश्न जिथे जायला हवा तिथे पाठवतो आहे.

आधी हे पेशंट कोण, ते सांगतो. खानदेशात डोक्याला मार लागायला निमित्तं भरपूर. आमच्या गावावरून जाणारा धुळे-जळगाव हायवे, शिरपूरकडचा मुंबई-आग्रा रस्ता, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या, ट्रिपल सीट आणि हँडलला अडकवलेलं हेल्मेट. कबड्डीच्या मैदानावर डोक्यावर डोकं आपटलेली पोरं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक झोक्यावरून पडते, दोन दिवसांत सासरी परतते, आणि महिनाभर डोकं धरून बसली की "कामाचा कंटाळा" म्हणून ऐकून घेते. आणखीही काही बायका येतात. त्या "मोरीत पाय घसरला" म्हणतात, आणि त्यांच्याकडे पाहून आपल्याला कळतं की मोरीत कुणाचा पाय दोनदोनदा असा घसरत नाही. त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला अपघात म्हणून होत नाही.

यातले गंभीर पेशंट सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला पोचतात आणि त्यांच्यासाठी तुमची माणसं रात्र-रात्र जागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ज्यांचा सीटी स्कॅन नॉर्मल येतो, ज्यांना "काही नाही, घरी जा, आराम करा" असं सांगून चार गोळ्या देऊन सोडतात, त्यांच्याबद्दल मी बोलतो आहे. दीड-दोन महिन्यांनी हाच माणूस काउंटरला टेकून म्हणतो, "रिपोर्ट तं नॉर्मल शे, मंग डोकं काबर दुखस?"

याला कन्कशन म्हणतात. मेंदूला हिसका बसतो, पेशींचे धागे ताणले जातात, त्यांच्यातली क्षारांची देवाणघेवाण काही काळ विस्कटते. पेशींना जास्त साखर लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा आखडतो. सीटीला हाड मोडलेलं दिसतं, रक्त साकळलेलं दिसतं. पेशींच्या कामातला हा घोळ त्याला दिसत नाही. रावेरकडच्या एका केळी बागायतदाराला मी हे समजावत होतो, तर त्यानंच मला समजावलं : हिरवा घड ट्रकमध्ये आदळला तर उतरवताना काहीच दिसत नाही, मार कळतो तो केळ पिकल्यावर. माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे बरं होतं.

बहुतेक माणसं दोन ते चार आठवड्यांत बरी होतात. जी होत नाहीत, त्यांना उजेड सहन होत नाही (आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे), लग्नातला डीजे सहन होत नाही, झोप तुटते, हिशेब चुकतो, पोरांवर हात उगारला जातो. दुकानातला गडी असेल तर मालक कामावरून काढतो. घरच्यांना वाटतं नाटक आहे. त्याला स्वतःला वाटतं आपण वेडे होतोय. आणि अशा माणसाला एके दिवशी मोबाईलवर कुणीतरी सांगतं की तुझ्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय, ये, भरून देतो.

हे पटकन पटतं, आणि त्याचं कारण आपण सगळ्यांनी २०२१ मध्ये पाहिलं आहे. त्या एप्रिल-मेमध्ये सिलिंडरसाठी माणसं रात्रभर फिरली. ऑक्सिजन म्हणजे जीव, हे तेव्हा जे मनात बसलं ते अजून निघालेलं नाही. दुसऱ्या लाटेतले कॉन्सन्ट्रेटर अजून कितीतरी घरांत पडून आहेत. डोकं जड झालं की ते लावून बसणारी माणसं माझ्या माहितीत आहेत. मी त्यांना म्हणतो, त्याच वेळचं ऑक्सिमीटर काढा आणि बोटाला लावा. ९७, ९८ येतं. म्हणजे रक्तातले तांबडे कण आधीच भरलेले आहेत, वरून नाकाला नळी लावून त्यात आणखी भरायला जागाच नाही.

मोठ्या यंत्रातली गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. त्याला हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणतात. बंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दीडपट, दुप्पट, कधी त्याहून जास्त करतात आणि माणसाला शुद्ध ऑक्सिजन श्वासातून देतात. दाबामुळे ऑक्सिजन तांबड्या कणांव्यतिरिक्त रक्ताच्या पाण्यातही विरघळतो. साध्या हवेत १०० मिलिलीटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलीटर असतो. तिप्पट दाबात शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ६ मिलिलीटरच्या आसपास जातो. हे खरं विज्ञान आहे. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांना होणारा दाबाचा आजार, कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा, गॅस गँगरीन, रेडिएशननंतरच्या जखमा, मधुमेहाच्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा, अशा ठिकाणी हा उपचार मान्य आहे. मधुमेहाची गँगरीन झालेली बोटं खानदेशात कमी नाहीत, त्यातल्या कुणाचा पाय या यंत्रानं वाचत असेल तर ते यंत्र इथे यावं असंच मी म्हणेन. अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटी ही अमेरिकेतली या विषयातली मोठी संस्था मान्य आजारांची यादी ठेवते. त्या यादीत कन्कशननंतरच्या तक्रारी नाहीत.

का नाहीत? कुणी तपासलंच नाही म्हणून नव्हे. चांगलं तपासलं आहे. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांत स्फोटाच्या धक्क्यानं कन्कशन झालेले हजारो होते आणि त्यांच्या संरक्षण खात्यानं पैसे घालून प्रयोग केले. २०१२ साली छापून आलेल्या एका प्रयोगात ५० सैनिक होते. निम्म्यांना २.४ पट दाबात ऑक्सिजन, निम्म्यांना १.३ पट दाबात साधी हवा, दोघांना तीस बैठका. कुणाला काय मिळतंय ते त्यांना सांगितलं नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. २०१५ मध्ये आलेला प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात ७२ सैनिक होते आणि गट तीन. एकाला नेहमीची देखभाल. दुसऱ्याला दीडपट दाबात ऑक्सिजन, चाळीस बैठका. तिसऱ्याला चाळीसच बैठका, पण कक्षात १.२ पट दाबाची नुसती हवा, म्हणजे कानाला दडे बसून खरं वाटावं एवढंच. निकाल काय लागला? कक्षात गेलेले दोन्ही गट सुधारले आणि त्या दोघांत फरक नव्हता. नुसती नेहमीची देखभाल मिळालेला गट मागे राहिला.

साहेब, हा निकाल दोनदा वाचा. ऑक्सिजन मिळालेला बरा झाला, न मिळालेलाही तितकाच बरा झाला. दोघांना सारखं काय मिळालं होतं? कितीतरी आठवडे रोज ठरल्या वेळी कुणीतरी वाट पाहत होतं. रोजच्या धबडग्यातून सुटून तासभर शांत पडायला मिळत होतं. "आज कसं वाटतंय" असं विचारणारं माणूस होतं, आणि तुझं दुखणं खरं आहे असं कुणीतरी यंत्र लावून मान्य केलं होतं. आपल्या पेशंटला नेमकं हेच कुठे मिळत नाही. मोठ्या शहरातला कक्षवाला ते विकतो. त्याच्याकडे जास्त काही आहे असं मला आजवरच्या वाचनावरून वाटत नाही.

दुसरी बाजू मी लपवत नाही. इस्रायलमध्ये २०१३ साली ५६ पेशंटांवर केलेल्या प्रयोगात दीडपट दाबाच्या चाळीस बैठकांनंतर स्मरणशक्ती आणि लक्ष सुधारल्याचं आलं होतं. पण त्यात खोट्या बैठकीचा, म्हणजे कक्षात नुसती हवा देऊन पाहायचा, गटच नव्हता. एका गटाला आधी उपचार, दुसऱ्याला दोन महिने वाट पाहायला लावून मग उपचार. तिथल्याच संशोधकांनी पुढे २०२२ मध्ये २५ मुलांवर केलेल्या प्रयोगात खोटा गट होता आणि तरीही फायदा दिसला. त्याची दखल घ्यायला हवी. पण २५ मुलं म्हणजे आपल्याकडे एका वर्गातलीही अर्धी पोरं नाहीत. या उपचाराचे समर्थक म्हणतात की १.२ पट दाबातली हवा हाही छोटा डोसच आहे, म्हणून खोटा गट सुधारला. करू हिशेब. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, त्याची १.२ पट म्हणजे २५ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानं मेंदू दुरुस्त होत असेल तर त्यासाठी लाखभर रुपये कशाला मोजायचे, याचं उत्तर समर्थकांनीच द्यावं. २०१८ मध्ये ७१ जणांचा आणखी एक प्रयोग आला. तिथे १३ आठवड्यांनी ऑक्सिजनवाल्यांची तब्येत थोडी जास्त सुधारलेली दिसली, पण सहा महिन्यांपुढे तो फरक टिकला नाही. हे सगळं पाहून अमेरिकेच्या लष्करी आणि माजी सैनिक खात्यानं २०२१ च्या मार्गदर्शिकेत कन्कशनच्या तक्रारींसाठी हा उपचार करू नये असंच लिहिलं. तिथल्याही काही राज्यांनी माजी सैनिकांसाठी याला सरकारी पैसा दिला आहे, हेही खरं. राजकारणाला प्रयोगाच्या निकालाची वाट पाहायची सवय तिथेही नाही.

"फायदा नाही तर नाही, तोटा काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तोटा आहे. दाबानं कानाचा पडदा आणि सायनस दुखावतात. काही आठवड्यांच्या उपचारात दूरचं कमी दिसू लागतं, बहुधा तात्पुरतं. जास्त ऑक्सिजननं क्वचित झटके येतात, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाला झटक्याची भीती आधीच असते. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असताना कक्षात घालणं जिवावर बेतू शकतं. बाईकवरून पडलेल्याच्या बरगड्या मोडलेल्या असतात, त्याची छाती कुणी तपासली? आग ही तर वेगळीच गोष्ट. १९९७ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात अशा कक्षाला आग लागून ११ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचं पोर कक्षातच जळालं. आणि आता वेलनेसच्या नावानं फुगवायच्या पिशवीसारखे कक्ष निघालेत. अमेरिकेत ते फक्त उंच डोंगरावरच्या त्रासासाठी मान्य आहेत. सातपुड्यात चढलं तरी तो त्रास कुणाला होत नाही.

पण खरा तोटा याहून साधा आहे. एका बैठकीला काही हजार, बैठका चाळीस, शहरात राहणं-खाणं वेगळं, सोबत एक माणूस. कापसाला भाव नाही अशा वर्षी हा पैसा सोनं मोडून किंवा सावकाराकडून येतो. आणि त्या दोन महिन्यांत जे तपासायला हवं होतं ते तपासलं जात नाही. साठीपुढच्या माणसाला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला, पहिला सीटी नॉर्मल येऊनही काही आठवड्यांनी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू शकतं. डोकेदुखी, गोंधळ, चाल बिघडणं. याचं उत्तर पुन्हा सीटी आणि न्यूरोसर्जन. कक्षात झोपवून हा पेशंट हातचा जातो.

आता आमच्या दुकानाबद्दलही बोलतो, कारण सगळा दोष यंत्रवाल्यावर टाकणं बरोबर नाही. या पेशंटांना आम्ही महिनोन्महिने काय विकतो? एक, डोकेदुखीच्या गोळ्या. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळीमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होते. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, मग हटतं. हे पेशंटला कुणी सांगत नाही. तो आणखी एक पत्ता घेतो आणि मार अजून बरा झाला नाही असं समजतो. दोन, चक्करच्या गोळ्या. सुरुवातीच्या दिवसांत ठीक, पण त्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला तोल पुन्हा शिकायला उशीर होतो. तीन, मेंदूची ताकद म्हणून लिहिली जाणारी सिटिकोलिन. महाग गोळी आहे, आमच्या फडताळात आहे, चिठ्ठी आली की आम्ही देतो. २०१२ मध्ये अमेरिकेत १२१३ डोक्याच्या पेशंटांना ती किंवा दिखाऊ गोळी ९० दिवस देऊन पाहिली. फरक पडला नाही. डॉक्टर संघटनांना माझं सांगणं आहे की व्हिडिओवाल्याला पुरावा विचारण्याआधी हे एकदा आपल्या बैठकीत वाचावं.

मग उपयोग कशाचा होतो? इथे मला मनापासून बरं वाटतं, कारण उत्तर खानदेशात परवडणारं आहे. पहिले एक-दोन दिवस आराम. तोही अंधाऱ्या खोलीत कोंडून नव्हे, मोबाईल बाजूला ठेवून हलकं-फुलकं. मग चालायला लागायचं, त्रास फार वाढणार नाही इतपत, आणि रोज थोडं पुढे. आपल्याकडे उन्हाळ्यात हे पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत. अमेरिकेतल्या १०३ किशोरवयीन मुलांच्या प्रयोगात असा हलका व्यायाम करणारी साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं अंग ताणणारी १७ दिवसांत. "महिनाभर अंथरुणातून उठू नको" हा सल्ला अजूनही आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे.

चक्कर येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या कानातले बारीक खडे हललेले असतात. कूस बदलली, वर पाहिलं की घर फिरतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर मान ठराविक क्रमानं वळवून ते खडे जागेवर आणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, कधी दोनदा करावं लागतं, औषध नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत चक्करच्या गोळ्यांवर असलेला माणूस या एका युक्तीनं चालता होतो. बऱ्याच जणांची डोकेदुखी मानेतून येते. हिसका मानेलाही बसलेलाच असतो ना. तिथे फिजिओथेरपिस्ट लागतो. झोप बिघडली असेल तर ती आधी लावावी लागते. मन खचलं असेल, अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि त्याच्याकडे पाठवताना "तुला वेड लागलं नाही" हे वाक्य डॉक्टरच्याच तोंडून यावं लागतं. नुसतं घरी बसून बोलायचं असेल तरी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. हे किती पेशंटांना सांगितलं जातं?

या सगळ्यांची माणसं तुमच्याकडे आहेत. धुळ्याचं मेडिकल कॉलेज जुनं, जळगावचं २०१८ पासून, नंदुरबारचं २०२० पासून. कान-नाक-घसा, मेडिसिन, मानसोपचार, फिजिओथेरपी, सगळं एकाच आवारात. फक्त ते या पेशंटसाठी एका दिवशी एका जागी बसत नाहीत. पेशंट सोमवारी या खिडकीला, बुधवारी त्या खिडकीला, आणि प्रत्येक खिडकीवर उत्तर एकच : आमच्याकडून नॉर्मल.

म्हणून माझी पहिली मागणी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवसाची आहे. "डोक्याला मार, पुढची तपासणी" अशी पाटी लावा. नवं पद नको, नवं यंत्र नको, इमारत तर नकोच. परगावच्या माणसाला एसटीनं दुपारपर्यंत परतता येईल अशी वेळ ठेवा. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला नंदुरबारला बोलावण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयातून फोनवर-व्हिडिओवर जोडा, ई-संजीवनीची सोय आहेच. मे २०२५ पासून केंद्राची अपघातग्रस्तांच्या कॅशलेस उपचाराची योजना आली, दीड लाखापर्यंत, पण अपघातापासून सात दिवसांपुरती. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांचा आजार आठव्या दिवसानंतर सुरू होतो. योजना बदलणं तुमच्या हातात नाही हे कळतं. सरकारी ओपीडीचा एक दिवस तुमच्या हातात आहे.

दुसरी मागणी एका कागदाची. सीटी नॉर्मल आलेल्या प्रत्येकाला घरी पाठवताना मराठीत छापलेलं एक पान द्या. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, हातपाय लुळा पडणं, नाकाकानातून पाणी, यांतलं काही दिसलं तर रात्री दोनलाही परत या. बाकी तक्रारी चार आठवड्यांत निवळल्या नाहीत तर या दिवशी, या खिडकीवर या. डोकेदुखीच्या गोळ्या आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. पूर्ण बरं वाटेपर्यंत कबड्डी नाही, कुस्ती नाही, चक्कर येत असेल तर बाईक नाही. पोर शाळेत जाणार असेल तर मास्तरांसाठी दोन ओळी : पहिले काही दिवस अर्धा वेळ, उन्हातली पीटी नको. आणि घरच्यांसाठी एक ओळ ठळक अक्षरात : हे दुखणं खरं आहे. नंदुरबारला हेच पान तिथल्या आशाताईंकडून पावरी-भिलीत वाचून घ्या, नुसतं छापून टेबलावर ठेवू नका.

तिसरी मागणी जाहिरातींबद्दल. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा अजून लागू आहे, आणि त्याच्या परिशिष्टात मेंदूचे आजार आहेत. अशा आजारावर इलाज करतो म्हणून जाहिरात करणाऱ्यांना अन्न व औषध प्रशासनाकडून नोटीस जायला हवी. तिन्ही जिल्ह्यांत असा कक्ष कुठे सुरू झालाच, तर त्याची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे का, अग्निशमनाचं प्रमाणपत्र आहे का, २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक दर्शनी भागात आहे का, हे तपासा. शिवाय कन्कशनसाठी पेशंट घेत असतील तर मराठीत लिहून द्यायला लावा की या आजारासाठी हा उपचार मान्य यादीत नाही. वाचूनही कुणाला जायचं असेल तर जाऊ दे, पैसा त्याचा आहे. आणि ज्यांचा या उपचारावर खरंच विश्वास आहे त्यांनी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद करून, खोटा गट ठेवून, पेशंटकडून एक रुपया न घेता प्रयोग करावा. मी स्वतः लोकांना सांगेन की भाग घ्या.

संघटनांना एक आणखी, आणि हे लिहिताना मला ठाऊक आहे की उद्या काही चिठ्ठ्या माझ्या दुकानाऐवजी शेजारच्या दुकानात जातील. मोठ्या शहरातल्या कक्षाकडे पेशंट पाठवण्यात कट, म्हणजे कमिशन, असेल तर तो घेऊ नका. कुणाला मिळतो, किती मिळतो, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि मी कुणाचं नाव घेत नाही. सोनं मोडून निघालेला माणूस माझ्याकडे प्रवासातल्या उलटीची गोळी घ्यायला येतो तेव्हा मात्र त्याच्या हातात कुणाची तरी चिठ्ठी असते.

त्या पानाचा मसुदा मी तयार केला आहे. भाषा सोपी आहे, वैद्यकीय बाजू तुमच्या न्यूरोसर्जननी आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून दुरुस्त करावी. छपाईसाठी सरकारी मंजुरीची वाट पाहू नका. आमच्या तालुक्यातल्या काही औषध दुकानदारांशी बोलणं झालं आहे, पहिल्या छपाईचा खर्च आम्ही उचलतो. पानं तुमच्या कॅज्युअल्टीत राहतील आणि आमच्या काउंटरवरही. ओपीडीचा दिवस आणि खिडकी क्रमांक यांसाठी मसुद्यात जागा रिकामी सोडली आहे, तेवढं कळवा. आखाजीच्या आधी कळवलंत तर यंदा झोक्यावरून पडलेल्या पोरींपर्यंत ते पान पोचेल.

आपला,
एक औषधविक्रेता, पारोळा